घड्याळ, पायऱ्या आणि एकतारी

फोन आला तेव्हा मी जुन्नरला भावाच्या दुकानात बसलो होतो. रविवार, बाजाराचा दिवस. मोटर-पंपाच्या सामानासाठी आलेल्या लोकांनी काउंटर भरलेलं, आणि मी नुसता खुर्ची अडवून बसतो ही भावाची नेहमीची तक्रार चालू. नंबर ओळखीचा नव्हता. "सर, मी वैशाली बोलतेय, सिंधूताईची बहीण. ताई गेली... सकाळी सहाला." मी विचारलं, "कुठं?" हाच प्रश्न माझ्या तोंडून का निघाला, ते मला अजून कळलेलं नाही. मग ती म्हणाली, "घरीच, सर. पिंपरी पेंढारला. तुमाला कळवायला तिनंच सांगितलं व्हतं."

सिंधू भालेराव आमच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सहायक होती आणि मी त्या विभागाचा प्रमुख. त्याआधी ती माझी विद्यार्थिनी. वर्गात ती सिंधू होती, नोकरीला लागल्यावर चारचौघांत भालेराव मॅडम झाली. माझ्या मनात दोन्ही नावं मिसळून गेली आहेत आणि इथंही तसंच होईल. तिनं चाळिशीही गाठली नव्हती. मी पोचलो तेव्हा अंगणात पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या, मेणबत्त्या लागल्या होत्या आणि त्रिशरण चालू होतं. मी मागे उभा राहिलो. आमच्या घरात मृत्यूच्या वेळी नवकार म्हणतात, तेवढंच मला येतं, तेच मी मनात म्हटलं. नंतर तिच्या आईनं माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सर, सिंधू तुमचं लई नाव काढायची." मी मान खाली घातली. त्यांना ठाऊक नव्हतं की त्यांच्या लेकीशी मी दोनदा वाईट वागलो होतो. दुसऱ्या वेळचं मला माहीत होतं. पहिल्या वेळचं तिलाच मला सांगावं लागलं...

आमची ती लॅब म्हणजे बावीस संगणकांची एक लांबट खोली. तिथं तारा नसतात, सोल्डरचा वास नसतो. संगणकावर सर्किट काढायचं, म्हणजे रेझिस्टर, कपॅसिटर यांची चिन्हं उचलून पडद्यावर ठेवायची, रेषांनी जोडायची आणि मग त्या प्रोग्रामला सांगायचं की आता हे चालवून दाखव. हे सांगणं म्हणजे कमांड. टिंबानं सुरू होणारी एक ओळ, इंग्रजी अक्षरं आणि आकडे: किती वेळ चालव, कुठपासून कुठपर्यंत बदल, किती तापमानाला बघ. टिंब राहिलं किंवा एखादं अक्षर चुकलं की खाली इंग्रजीत चार ओळी उमटतात आणि आलेखाची जागा काळी राहते. आमची निम्मी मुलं-मुली गावच्या मराठी शाळांतून आलेली, काही आश्रमशाळांतली. चित्र ती सुरेख काढायची. माझं सर्किट वेडंवाकडं व्हायचं, त्यांचं रांगोळीसारखं नेटकं. पण कमांडची चौकट उघडली की हात मांडीवर जायचे. मी फळ्यावर ओळ लिहून द्यायचो, ती उतरवून घ्यायची, आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा हात मांडीवर. मी पंचवीस वर्षं हे पाहत आलो होतो आणि ह्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

सिंधूला वाटलं. चार-पाच वर्षांपूर्वी डिंभ्याहून मनीषा नावाची एक मुलगी यायची, दोन बस बदलून. एकदा प्रॅक्टिकल चालू असताना मी दाराशी वही तपासत होतो, आणि त्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

"मॅडम, सर्किट तर काढलं. आता ह्याला सांगायचं काय, ते न्हाई येत."

"तुला काय बघायचंय?"

"कपॅसिटर भरताना बघायचाय."

"किती वेळ बघशील?"

"पाच सेकंद पुरं की."

"मग तेवढंच सांगायचंय त्याला."

"ते मी तुमाला सांगितलं, मॅडम. त्याला कसं सांगू?"

सिंधू हसली नाही. ती त्या पडद्याकडे बघत तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा न उघडता माझ्या टेबलापाशी आली. "सर, या प्रोग्राममध्ये आपण स्वतःचं चिन्ह करू शकतो ना?" मी म्हटलं, करू शकतो, यादीत नसलेला एखादा नवीन आयसी असला की करावंच लागतं. "पण त्याला पाय असलेच पाहिजेत का?" मला आधी प्रश्नच कळला नाही. पाय म्हणजे जोडणीची टोकं, जिथं तार येऊन लागते. पाय नसलेला पार्ट सर्किटमध्ये घेऊन करायचं काय?

तिच्या डोक्यात काय होतं ते साधं होतं. पडद्यावरच्या प्रत्येक चिन्हाच्या पोटात एक ओळ असते. आपण सर्किट चालवलं की प्रोग्राम चित्र बघत नाही. तो सगळ्या चिन्हांच्या पोटातल्या ओळी काढून त्यांची एक यादी करतो आणि ती यादी वाचतो. कमांडही शेवटी त्याच यादीत जाऊन बसते. मग एखादं चिन्ह असं केलं की ज्याला पाय नाहीत, जे कुठंच जोडायचं नाही, आणि ज्याच्या पोटात कमांडच आहे, तर? मुलीनं ते उचलून सर्किटशेजारी ठेवायचं, त्यावर क्लिक करून विचारलेला आकडा भरायचा, झालं. बोलायला सोपं, पण तो प्रोग्राम प्रत्येक ओळीच्या आधी स्वतःचं एक अक्षर आणि नंबर चिकटवायचा, त्यामुळे कमांड कमांडच राहायची नाही. त्या अक्षराला कसं चुकवायचं यात तिच्या आठ-दहा मधल्या सुट्ट्या गेल्या. जमलं त्या दिवशी तिनं मला हाक मारली. पडद्यावर एक गोल, त्यात दोन काटे. खाली रोमन अक्षरांत पण मराठीत लिहिलेलं, 'किती वेळ'. तिनं पाच भरले, चालवलं, आणि आलेख हळूहळू वर चढून सपाट झाला.

मग एकेक चिन्ह येत गेलं. एखादी किंमत टप्प्याटप्प्यानं वाढवून बघायची कमांड होती, तिच्यासाठी पायऱ्या. तापमानासाठी तापमापक. वेगवेगळ्या कंपनांना सर्किट कसं वागतं ते बघायच्या कमांडसाठी तिनं एकतारी काढली, कारण तिचे वडील भीमगीतांच्या पार्टीत एकतारीवर असायचे. रेषा आणि कमानी एवढ्याच गोष्टी त्या चिन्हांच्या चौकटीत काढता येतात, तरी ती एकतारी लगेच ओळखू यायची. पायऱ्यांच्या खाली बारीक अक्षरांत तिनं एक सूचना टाकली होती: मेगा म्हणजे एम-ई-जी, नुसता एम नाही. एवढीच गोष्ट इतकी ठळक का करायची, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी विचारलं नाही.

मला ती चिन्हं आवडली होती. मी त्यांना परवानगी दिली होती, प्राचार्य लॅब बघायला आले तेव्हा त्यांना चालवून दाखवली होती, थोडं मिरवलंही होतं. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढं जे घडलं ते त्याशिवाय कळणार नाही.

वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. शिस्तीचे गृहस्थ, वाईट नव्हेत. पहिल्याच संगणकापाशी थांबले. "हे घड्याळ कसलं?" मुलीनं सांगितलं. ते पुढच्या संगणकाकडे गेले, तिथंही घड्याळ. "म्हणजे कमांड कुणी लिहितच नाही? उद्या कंपनीत गेल्यावर ह्यांना घड्याळ कोण काढून देणार?" ते माझ्याकडे वळले. सिंधू स्टॅबिलायझरपाशी उभी होती, माझ्यापासून दोन हातांवर. आणि मी म्हणालो, "मॅडमनी आपल्या मनानं काहीतरी केलेलं दिसतंय, सर. मला कल्पना नव्हती."

ती माझ्याकडे वळून बघेल असं वाटलं होतं. तिनं बघितलं नाही.

परीक्षकांनी सगळ्यांना चिन्हं काढून टाकायला लावली आणि कमांड टाइप करायला सांगितली. काहींनी केली. मनीषा पडद्यासमोर पाऊण तास बसून राहिली. तिचं सर्किट अचूक होतं. ती आणि आणखी चार जणी त्या विषयात नापास झाल्या. दुसऱ्या दिवशी मी सिंधूला बोलावून सांगितलं, की सगळ्या संगणकांवरून ती चिन्हं पुसून टाका. तिनं विचारलं, "सगळ्या?" मी म्हणालो, "सगळ्या." काचेच्या दारातून ती एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसताना दिसत होती. बावीस खुर्च्या. मी केबिनमध्ये बसून निकालपत्रकं भरत होतो.

नंतर तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली. नवं सत्र सुरू झालं आणि मनीषा आलीच नाही. एका शनिवारी सिंधू केबिनच्या दारात उभी राहिली. "मी डिंभ्याला चाललेय, मनीषाच्या घरी. तुम्ही येता का, सर?" मी म्हटलं, गाडी काढतो. ती म्हणाली, "नको. ती ज्या बसनं यायची त्याच बसनं जाऊ."

मनीषाचं घर धरणाच्या पाण्यापासून फार लांब नाही. वडील ओट्यावर जाळं सांधत होते, ती आईबरोबर मासळी निवडत बसली होती. आम्हाला बघून हात धुवून आली, पण समोर उभी राहिली ती जमिनीकडे बघत. "मला न्हाई जमायचं, सर. लिहून दिलं तर उतरवून काढीन. पण सोताच्या मनानं न्हाई." सिंधूनं आपल्या पिशवीतून एक कागद काढला. त्यावर तेच घड्याळ होतं, पण खाली आता दोन ओळी होत्या. एक मराठी प्रश्न, आणि त्याच्याखाली ती कमांड जशी लिहिली जाते तशी, टिंबासकट. "आता चिन्हाच्या पोटातलं बाहेर दिसेल," ती मनीषाला म्हणाली. "पहिले दोन महिने चिन्ह ठेवायचं आणि खालची ओळ वाचायची. मग चिन्ह काढून ओळ आपण लिहायची. अडलं की पुन्हा चिन्ह ठेवून बघायचं." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "परीक्षक अर्धे बरोबर होते."

मनीषानं कागद नीट बघितला. "पुन्यांदा पुसाय लावतील," ती म्हणाली.

जाळ्यावरचे वडिलांचे हात थांबले होते. मी म्हणालो, "नाही लावणार. या वेळी मी बोलेन." ते वाक्य मी मनीषाला सांगितलं, पण ऐकायला हवं होतं ते सिंधूनं. तिनं ऐकलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. वडील म्हणाले, "पावणं, च्या घेऊन जावा," आणि आम्ही चहा घेतला.

परतीची बस आली नाही. डिंभ्याला ती कधी येते आणि कधी येत नाही, याचा हिशोब तिथल्या लोकांनीही सोडून दिला आहे. थांब्यावरच्या कट्ट्यावर आम्ही दीड तास बसलो. तिथं सिंधू म्हणाली, "सर, मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचं माझं प्रॅक्टिकल तुम्हाला आठवतं?" मला आठवत नव्हतं. "कपॅसिटरचंच होतं. एक मेगा ओहमचा रेझिस्टर. मी एक आणि मोठा एम लिहिला, पुस्तकात असतो तसा. आलेख एकदम सरळ वर गेला, भिंतीसारखा. तुम्ही कागदावर 'आलेख चूक' लिहिलंत आणि पंचवीसपैकी नऊ दिलेत." आता मला समजलं. त्या प्रोग्रामला मोठा एम आणि लहान एम एकच, दोन्ही म्हणजे मिली, हजारावा भाग. मेगासाठी तीन अक्षरं लागतात. तिचा प्रचंड रेझिस्टर प्रोग्रामनं जवळजवळ नसल्यासारखा धरला होता. मला हे माहीत होतं. सांगायला एक मिनिट लागलं असतं. "मला ते कळायला पुढचा उन्हाळा लागला," ती म्हणाली. "तोपर्यंत मी समजत होते की मला कपॅसिटरच कळलेला नाही."

मी सॉरी म्हणालो. तो शब्द फार लहान वाटला. मी म्हणालो, "आणि त्या दिवशी परीक्षकांसमोर..."

"ते जास्त लागलं," ती म्हणाली. "चिन्हं पुसली त्याचं काही नाही, ती मी परत करू शकते. पण तुम्ही कल्पना नव्हती म्हणालात. मी तिथंच उभी होते, सर." मग म्हणाली, "राग आहे अजून. एकदम जाणार नाही."

तो गेला का, हे मला सांगता येणार नाही. पण त्यानंतरची चार वर्षं आम्ही एकत्र जितकं काम केलं तितकं त्याआधीच्या आठ वर्षांत केलं नव्हतं. मनीषा परत आली. नवी चिन्हं आली, पोटातली ओळ बाहेर दाखवणारी. सिंधूनं एक पद्धत ठरवून घेतली होती. मुलगी येऊन अडलंय म्हणाली की तिनं आधी आपल्याला काय बघायचंय ते मराठीत पूर्ण वाक्यात सांगायचं. वाक्य नीट झालं की निम्मं काम झालेलं असायचं. मी ही पद्धत माझ्या तासांना उचलली आणि ती तिची आहे असं वर्गात सांगितलं. सांगायला शिकलो होतो.

पुढच्या वर्षी परीक्षक तेच आले. ते लॅबमध्ये शिरायच्या आधी मी त्यांना दारात गाठलं आणि म्हणालो, "सर, ही चिन्हं भालेराव मॅडमनी केली आहेत आणि माझ्या परवानगीनं वापरात आहेत. गेल्या वर्षीही माझ्या परवानगीनं होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. आत जाऊन ते सरळ मनीषापाशी थांबले. नाव आठवत असावं. तिनं कमांड हातानं लिहिली होती. त्यांनी ती पुसली, यादीतून घड्याळ उचलून ठेवलं, शेजारी एकतारी ठेवली आणि म्हणाले, "चालव." प्रोग्रामनं नकार दिला. "का नाही चालत?"

मनीषानं दोन्ही चिन्हांकडे बघितलं. "सर, घड्याळ येक इचारतंय आन् एकतारी दुसरंच इचारतीय. त्याला येका टायमाला येकच इचारायचं असतं." एवढं बोलून तिनं एकतारी काढून टाकली, घड्याळही काढलं आणि दोन्ही कमांड एकेक करून लिहून, चालवून दाखवल्या.

परीक्षकांनी वहीत मार्क लिहिले. जाताना सिंधूला विचारलं, "एकतारी का?" तिनं वडिलांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, ही चिन्हं त्यांच्या कॉलेजला मिळतील का. सिंधूनं पेन ड्राइव्ह आणायला जाताना माझ्याकडे बघितलं... त्या वर्षातलं ते पहिलंच बघणं असावं, निदान मला तसं वाटलं.

सिंधूचं आजारपण गेल्या पावसाळ्यानंतर कळलं, आणि कळलं तेव्हा पुढं गेलेलं होतं. पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. फेरीच्या दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये हजर असायची, डोक्याला स्कार्फ बांधून. मुलींनी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. जानेवारीपासून येणं थांबलं. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा ती ओसरीवर खाटेवर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. मनीषा चाकणला एका पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये चाचणी विभागात लागली होती, तिचा मेसेज आला होता, तो तिनं मला वाचून दाखवला. मग म्हणाली, "वैशालीला सांगून ठेवलंय तुम्हाला कळवायला." मी म्हटलं, कशाला असं बोलतेस. ती म्हणाली, "कळवलेलं बरं, सर. नाहीतर नंतर तुम्ही म्हणाल, कल्पना नव्हती." आणि हसली. मीही हसलो. आईनं आतून विचारलं, काय झालं हसायला.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात नवा सहायक मिळेपर्यंत प्रॅक्टिकल मीच घेतलं. मुलं यायच्या आधी सगळे संगणक सुरू करून ठेवले. नऊ नंबरच्या संगणकाचा माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला पडलेला दिसला. झाडताना कुणी तरी सरकवला असेल म्हणून मी तो उचलून उजवीकडे ठेवला. मुली आल्या. मढची पायल म्हणून एक आहे, ती त्या जागेवर बसली, माऊस उचलून डावीकडे घेतला आणि वायर मागून नीट काढून घेऊ लागली. मी विचारलं, "तिकडं कशाला?"

"मी डावखुरी हाय, सर," ती म्हणाली. "मॅडम येत व्हत्या तवा आदल्या दिवशीच ठिवून जायच्या, आता मीच ठिवते."

एवढ्या दिवसांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी प्रॅक्टिकल संपलं, मुली गेल्या, मी एकेक संगणक बंद केला, खुर्च्या आत सरकवल्या. दुसऱ्या दिवशी कुठल्या वर्गाचा तास आहे ते तक्त्यावर बघितलं आणि त्या वर्गात आणखी कुणी डावखुरं आहे का, ते विचारायला हजेरीची वही घेऊन वर गेलो.